मामाची गाडी आणि अर्ध्या मायक्रॉनचं क्रोम

मामाच्या मोटरसायकलवरची ताडपत्री ओढून काढली तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की गाडीची डावी बाजू आजारी होती आणि उजवी ठणठणीत. आठ वर्षं एकाच जागी, एकाच ताडपत्रीखाली उभी. तरीही डाव्या सायलेन्सरवर तपकिरी ठिपक्यांची नुसती पुरळ उठलेली, आणि उजव्याच्या मागच्या भागावर काळपट चिकट थर. त्या थरावर चिंधी फिरवली आणि खालून आरसा निघाला. माझं तोंड दिसलं, मागचं दार दिसलं, दारात उभा राहून हसणारा दादाही दिसला.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. उजव्या बाजूचं इंजिन कव्हर वर्षानुवर्षं गळत होतं. पॅकिंग गेलेलं. गाडी चालली की ते तेल वाऱ्याने मागे उडायचं आणि सायलेन्सरवर, किकवर, मागच्या शॉकअपवर बसायचं. मामाने ते कधी पुसलं नाही. फोनवर विचारलं तर म्हणाला, "अगं, ती गळती नव्हती, ती सर्व्हिसिंग होती."

विनोद बाजूला ठेवला तरी क्रोमबद्दल शिकायचं ते बहुतेक मी त्या चिकट थराकडून शिकले. बाकीचं चुका करून.

क्रोमला गंज येत नाही. हे वाक्य मी दादाला ऐकवलं तेव्हा त्याने डाव्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं. पण खरंच येत नाही. आपण ज्याला 'क्रोम' म्हणतो तो गाडीवरचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पातळ थर. पाव ते अर्धा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या साधारण दीडशे ते पावणेतीनशेव्या हिश्शाएवढा. चमक दिसते ती बरीचशी त्याच्या खालच्या निकेलची. निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉनचा असतो आणि कधी त्याच्याही खाली तांबं असतं. सगळ्यात खाली लोखंड. क्रोमचं काम निकेलला ओरखड्यांपासून आणि काळवंडण्यापासून वाचवण्याचं. मात्र या पातळ पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. पाणी तिथून आत शिरतं, मिठाचं पाणी तर फारच आवडीने. आधी निकेल कुरतडलं जातं, मग लोखंडाची पाळी येते. लोखंड गंजलं की फुगतं आणि त्याच छिद्रातून वर येऊन ठिपका होऊन बसतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो तपकिरी ठिपका ही खालच्या मजल्यावरची आग आहे, धूर फक्त गच्चीवर दिसतोय.

तेलाने ती छिद्रं बुजवली होती. आणि ताडपत्रीने काय केलं, तर आतली ओल बाहेर जाऊ दिली नाही. गाडी झाकली म्हणजे सांभाळली असं मामाला वाटत होतं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीपेक्षा उघडी ठेवली असती तरी बरं झालं असतं, असं माझं मत. आता मी जुनी सुती चादर टाकते.

घासायला बसण्याआधी मी एक शहाणपणा केला, तो माझा या सगळ्या प्रकरणातला एकमेव. गाडीवर चकचकणारं सगळंच क्रोम नसतं, म्हणून लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले. मडगार्ड, सायलेन्सर, हँडल, रिम, हेडलाइटची रिंग या सगळ्यांना चुंबक चिकटला, म्हणजे खाली लोखंड. इंजिन कव्हरला चिकटला नाही. ते ॲल्युमिनियम, नुसतं घासून चमकवलेलं. मागच्या दिव्याच्या कडेलाही चिकटला नाही, आणि नखाने टकटक केलं तर आवाज खुळखुळ्यासारखा. ते प्लॅस्टिक, त्यावर चकचकीत मुलामा. प्लॅस्टिकला साबणाच्या पाण्यापलीकडे काहीही लावायचं नाही, एका पॉलिशमध्ये मुलामा साफ निघून येतो.

दुसरी खूण फडक्याची. मेटल पॉलिश लावून चोळताना फडकं काळंकुट्ट व्हायला लागलं आणि कितीही चोळलं तरी काळंच होत राहिलं, तर तुम्ही ॲल्युमिनियम चोळताय. तो काळा रंग म्हणजे झिजून निघालेला धातू. खऱ्या क्रोमवर पहिल्या एक-दोन हातांत मळ निघतो आणि मग फडकं जवळपास स्वच्छ राहतं. क्रोम फार कठीण असतं, ते सहजी झिजत नाही. पण आहेच मुळी एवढंसं, त्यामुळे खरखरीत कशाने रोज रगडलं तर एक दिवस संपतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. गाडी गार असताना धुवायची. आधी नुसतं पाणी सोडून माती उतरवायची, कारण मातीवरच फडकं चोळलं की तो पॉलिश पेपर झाला. मग शाम्पूचं पाणी, मऊ फडकं, सांदीकोपऱ्यात दात घासायचा जुना ब्रश. आणि लगेच कोरडी करायची. पाणी वाळू दिलं की क्षारांचे पांढरे डाग पडतात. पडलेच तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्याने पुसायचे आणि परत धुवायचं.

आता गंज. पुढचं मडगार्ड मी आधी घेतलं, कारण ते सपाट, मोठं आणि मांडीवर घेऊन बसता येतं. चार बोल्ट काढले की सुटतं. गंजासाठी मी वापरला तो स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, पण कारण साधं आहे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे हलक्या हाताने घासलं तर क्रोमवर ओरखडा उठत नाही, पण वर आलेला गंज मात्र खरवडला जातो. तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, चुरगळून सैलसर बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि ठिपक्यावर छोटे छोटे गोल फिरवायचे. चकचकीत बाजू की मळकट बाजू, यावर डोकं शिणवू नका, काही फरक पडत नाही. पाणी मात्र आटू द्यायचं नाही.

पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत काहीच होत नाही. मग बोळ्याखाली राखाडी चिखल तयार होतो, आणि तो चिखलच बाकीचं काम करतो. हाताला आधी खरखर लागते, करकर असा बारीक आवाज येतो. थोड्या वेळाने आवाज बदलतो आणि बोळा घसरायला लागतो. तो आवाज बदलला की थांबायचं. मी सुरुवातीला थांबत नव्हते, अजून थोडं, अजून थोडं करत होते. फडक्याने पुसलं की तपकिरी ठिपक्याच्या जागी एक काळा टिंब दिसतो, टाचणीने टोचल्यासारखा. तो खड्डा. गंज गेला, पण त्याने खाल्लेलं परत येत नाही. त्या टिंबाला कितीही घासलं तरी तो भरत नाही, उलट त्याच्या कडा सैल होऊन पापुद्रा सुटतो. मडगार्डच्या डाव्या कडेला बोटभर जागेत मी असे एकतीस टिंब मोजले. दोन फुटांवरून एकही दिसत नाही. मी ठरवलं की या गाडीकडे दोन फुटांवरूनच बघायचं.

स्टील वूलबद्दल सगळे विचारतात. वापरायचंच तर सगळ्यात बारीक, चार शून्यवालं, आणि त्यावर भरपूर तेल किंवा साबण. माझी तक्रार ओरखड्यांची नाही. त्याचे लोखंडी कण सांदीत अडकून राहतात आणि दोन आठवड्यांनी तेच गंजून नवीन ठिपके देतात, ही आहे. पितळी तारेचं वूल मिळालं तर ते घ्यावं. भांडी घासायची हिरवी घासणी मात्र गाडीच्या आसपासही आणू नका. ती क्रोमवर जाळीदार धुरकटपणा सोडते आणि तो उन्हात कायमचा दिसतो.

यानंतर यायला हवं ते पॉलिश, पण मधे एक पाप कबूल करायचं आहे.

मडगार्डला चार तास लागल्यावर माझा धीर सुटला. मागच्या रिमवर गंज जास्त होता आणि छत्तीस स्पोकच्या मधे बोट घालून फॉइल फिरवायचं म्हणजे शिक्षा. घरात संडास साफ करायचं ॲसिड होतं. बाटलीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड असं ठळक लिहिलेलं. फरशीवरचा गंज जातो, मग रिमवरचा का नाही? एका पट्ट्यावर ओतलं, तेवढ्यात फोन वाजला, बोलत बसले. दहा मिनिटांनी परत आले तर रिम फसफसत होती आणि खाली ओघळणारं पाणी हिरवट दिसत होतं.

ते हिरवं म्हणजे माझं क्रोम आणि निकेल होतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमला सरळ विरघळवतं, प्लेटिंगवाले जुना थर उतरवायलासुद्धा तेच वापरतात. क्रोमियम १७९७ साली वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला शिशाच्या एका लालभडक खनिजात सापडलं, आणि त्याचे क्षार इतक्या रंगांचे निघाले की ग्रीक भाषेतल्या 'रंग' या शब्दावरून त्याचं नाव पडलं. ही माहिती मी त्याच रात्री वाचली. त्यातला हिरवा रंग तोवर मी पाहून झाले होते.

धुऊन काढल्यावर हातभर पट्टा फिकट पिवळसर झालेला. ते उघडं पडलेलं निकेल. क्रोमचा पांढरेपणा जरासा निळ्याकडे झुकतो, निकेलचा पिवळ्याकडे. शेजारी शेजारी आल्यावर चटकन कळतं. एका परीने मी गाडीचा तेवढा भाग शंभर वर्षं मागे नेला, कारण क्रोम प्लेटिंगचा धंदा सुरू झाला तो १९२० च्या दशकात, त्याआधीच्या मोटरसायकली निकेलच्याच चमकायच्या. मामाला मी असंच सांगायचं ठरवलं होतं, पण स्पोकनी घात केला. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा होता, तो तर मिनिटभरात गेला असणार. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यातले नऊ स्पोक केशरी. आणि शेजारच्या ट्रेमध्ये ठेवलेले माझे पाने, ज्यांना ॲसिडचा थेंबही लागला नव्हता, तेसुद्धा नुसत्या वाफेने तांबूस झालेले. खोलीची खिडकी बंद होती. ती वाफ माझ्याही छातीत गेली असणार, हे पाने बघून कळलं.

तर ॲसिड नाही. व्हिनेगर चालतं, ते सौम्य. पण तेही पुसून, धुऊन, कोरडं करून टाकायचं, कारण छिद्रातून आत राहिलं तर खालच्या लोखंडाचं पुढे काय करायचं ते करतंच.

उरलेल्या रिमला मी शिक्षा म्हणूनच बसले. गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन बंद, गियर न्यूट्रल, चाक हाताने फिरवत. मुद्दाम लिहिते आहे, कारण "गियर टाक आणि चाक आपोआप फिरू दे, फडकं नुसतं धर" असा सल्ला मला दोन जणांनी दिला. चेन आणि दातेरी चाकामध्ये फडकं गेलं की त्यामागून बोट जातं. असा सल्ला देणाऱ्याची बोटं आधी मोजून घ्यावीत. स्पोकसाठी कापडाची लांब पट्टी करायची, स्पोकच्या मागून घ्यायची आणि बूट पॉलिश करतात तशी दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. छत्तीस वेळा. आणि पॉलिश असो की मेण, टायरच्या धावेवर आणि ब्रेकच्या डिस्कवर त्याचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. चकचकीत गाडी थांबली नाही तर उपयोग काय.

पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दांडे दिसायला तसेच, पण जात वेगळी. त्यांच्यावरचं क्रोम जाड असतं, शोभेच्या थराच्या कैक पट, आणि थेट लोखंडावर चढवलेलं. ते मिरवायला नाही, तर ऑइल सीलने, म्हणजे आतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्याने, त्यावर हजारो वेळा सरकायला आहे. तिथे एक खड्डा असला तरी त्याची धार सील कापते आणि तेल बाहेर येतं. म्हणून दांड्यांवर मी फॉइल अगदी हलक्या हाताने, फक्त ठिपक्यापुरता फिरवला आणि शेवटी तेलाचा बारीक हात दिला. सील जिथवर येतं त्या पट्ट्यात एकच ठिपका होता, नखाला न लागणारा. नखाला लागला असता तर दांडा काढून प्लेटिंगला द्यावा लागला असता.

पॉलिश म्हणजे शेवटचा हात. मऊ पेस्ट, वाटाण्याएवढी, एका वेळी वीतभर जागेला. लावायची, चोळायची, पूर्ण वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने काढायची. जुन्या बनियनसारखं फडकं दुसरं नाही, फक्त त्याची शिवण कापून टाकायची. दादा तेवढ्यात येऊन म्हणाला, "आता यात तोंड बघून पावडर लाव." मी त्याच्या हातात एक बनियन दिलं. तोवर तो कधी गाडीला हात लावत नव्हता. हेडलाइटची रिंग त्याने अर्धा तास चोळली आणि वर मलाच सांगितलं की गोल फिरवायचं नसतं. फिरवायचं असतं की नसतं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

बेंड पाइप मात्र वेगळंच प्रकरण. इंजिनातून निघून खाली वळणारी ती नळी. माझ्या गाडीला दोन सिलिंडर, म्हणून दोन नळ्या. गाडी चालू करून तीन-चार आठवडे फिरवल्यावर डावी नळी आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळी झाली. उजवी होती तशीच. हा निळेपणा मळ नाही. धातू फार तापला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो, आणि साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसे त्यावर दिसतात. जाडी वाढेल तसा रंग बदलतो. निळेपणा घालवायची वेगळी पेस्ट मिळते आणि तिने तो जातोही. पण मी ती आणली नाही, कारण प्रश्न वेगळा होता. दोन नळ्यांत एकच का निळी? डावा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिन यांच्या मधलं रबर आठ वर्षांत कडक होऊन चिरलं होतं. तिथून फुकटची हवा आत जात होती, पेट्रोल त्या मानाने कमी पडत होतं आणि तो सिलिंडर जास्त तापत होता. नळी निळी झाली नसती तर मला हे कळलंच नसतं. रबर बदललं. निळा रंग ठेवलाय.

उजव्या नळीवर बुटाचा तळवा चिकटला होता, काळा, डांबरासारखा. इंजिन दोन मिनिटं चालू करून बंद केलं, नळी कोमट असताना लाकडी चमच्याच्या दांड्याने खरवडलं, बराचसा निघाला. उरलेला पेस्टने. बेंड पाइपला मेण लावण्यात अर्थ नाही. कार्नोबा मेण ८५ अंशांच्या आसपास वितळतं, ती नळी त्याच्या कितीतरी वर जाते. मेण मडगार्डला, रिमला, हँडलला. नळी नुसती स्वच्छ पुसायची, अगदी स्वच्छ, हाताचं तेलसुद्धा राहू नये.

हे मला कळलं ते गाडी चालू केल्यानंतर. पॉलिश झालेली नळी मी कौतुकाने एकदा अंगठ्याने दाबून पाहिली होती. पहिल्या फेरीत तो ठसा भाजून निघाला. आता बेंडच्या ऐन वळणावर तपकिरी अंगठा उमटलाय, रेघान् रेघ दिसते. दादा मला अंगठेबहाद्दर म्हणतो.

मामा गेल्या रविवारी आला. चष्मा वर करून गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या रिमच्या पिवळ्या पट्ट्यापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. नऊ नवे स्पोक बोटाने एकेक वाजवून पाहिले. मग उजव्या बाजूला जाऊन खाली वाकला आणि इंजिन कव्हरखालून बोट फिरवून बोटाकडे बघत राहिला. कोरडं.

"पॅकिंग बदललंस?"

"हो मामा. थेंब पडत नाही आता."

"मग त्या सायलेन्सरला तेल कोण लावणार?"

तेलाचा डबा आणि एक फडकं तेव्हापासून गाडीच्या उजव्या बाजूलाच ठेवलंय.